मागच्या दारचं ताक

वाटणीच्या दिवशी मामंजी आपल्याच घरी पाहुणे म्हणून आले.

सकाळी त्यांनी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, ठेवणीतला पटका बांधला आणि वहाणा घालून सरळ घराबाहेर पडले. मारुतीच्या देवळापर्यंत गेले. तिथून कोंडीबा मोहिते आणि बजाबा गुरव या दोघा पंचांना बरोबर घेऊन परत आले आणि ओट्याच्या पायरीशी उभं राहून त्यांनी हाक दिली, "हाय का घरात कोन?"

मी ओट्यावरच भांडी मांडत होते. मला थट्टा वाटली, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत.

"सूनबाई, पंच आल्यात. गूळपानी द्या."

मी त्यांची थोरली सून वत्सला. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून मी त्यांची 'वच्छी' होते. 'सूनबाई' आणि 'द्या' हे त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. मी गूळपाणी आणलं. आपल्याच घरचा गूळ त्यांनी परक्यासारखा चिमटीनं उचलला, वरून पाणी प्यायले आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज मी ह्या घरचा न्हवं. आज मी पंच."

रस्त्यावर निम्मं गाव जमलं होतं. दुसऱ्या कुणाच्या वाटणीला एवढी गर्दी झाली नसती. पण ही आप्पांच्या घरची वाटणी होती आणि घरच्या वाटणीत आप्पांचा तराजू हलतो की नाही, हे प्रत्येकाला डोळ्यांनी बघायचं होतं.

माझे सासरे दाजीबा निकम, पण अख्ख्या तांबरवाडीचे आप्पा. गावात शाळा आणली ती त्यांनी. ओढ्यावरचा बंधारा त्यांच्या खेपांनी झाला, दूध डेरी त्यांनीच उभी केली. सरपंच किती वर्षं होते ते विचारू नका. आता दुसऱ्या कुणाला तरी करा असं शेवटी त्यांनीच हात जोडून सांगितलं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्या कधीमधी पुटपुटायच्या, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजत्यात." पण पुटपुटायच्या तेही चुलीकडे तोंड करून.

या सगळ्या कामांत मामंजींना खरा अभिमान होता तो वाटण्यांचा. तांबरवाडीतला एकही भाऊ वाटणीसाठी कोर्टाची पायरी चढला नाही, हे ते कलेक्टरलाही सांगायचे. त्यांची रीत ठरलेली होती. थोरल्यानं दोन वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे वाटे पाडताना थोरल्याचा हात आपोआप सरळ चालतो. आणि सामाईक काही ठेवायचं नाही. "सामाईक म्हंजी उद्याचं भांडान," हे त्यांचं वाक्य गावातली शेंबडी पोरंसुद्धा म्हणून दाखवायची. जनाबाईच्या घरी एकच जातं होतं, तर वरचा दगड एका भावाला आणि खालचा दुसऱ्याला देऊन ते उठले होते. दळायच्या निमित्तानं तरी जावा एकत्र येतील, असा त्यांचा हिशेब. दोघी जावांनी दुसऱ्या दिवशी पिठाची गिरणी गाठली, ती गोष्ट वेगळी.

आणि तोच नियम माणसांनाही लागू होता. म्हातारा थोरल्याला, म्हातारी धाकट्याला. धाकट्याची पोरं लहान असतात, त्यांना आजी हवी; थोरल्याला चारचौघांत उठायबसायचं असतं, त्याच्या ओट्यावर बाप शोभतो. ऐकायला बरोबरच वाटायचं. घराघरांत त्यांनी असे म्हातारे आणि म्हाताऱ्या वाटून दिल्या होत्या आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

आता आमच्यावर ही पाळी का आली, तेही सांगते. मी आणि माझी जाऊ शालन, आमचं पटत नव्हतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, यात लाजायचं काय? डेरीला दूध कुणाच्या नावानं घालायचं इथून सुरुवात झाली आणि मग मिठापर्यंत गेलं. माझं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. शालनलाही विचारा, तीही हेच सांगेल.

एकाच गोष्टीत आम्हा दोघींचं एकमत होतं, ती म्हणजे आत्तींचं ताक. घराच्या मागे पडवी होती. पडवीत घुसळखांब, आणि पडवीपुढच्या परसातून एक ठेंगणं दार मागच्या बोळात उघडायचं. तिथं आत्ती रोज ताक घुसळायच्या आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका बोळाच्या दारानं ताकाला यायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण या सगळ्या पदराखाली लोटी धरून यायच्या आणि चोरासारख्या इकडंतिकडं बघायच्या. बाजारच्या दिवशी तर आम्ही दोघी बाजाराला निघतानाच रीघ लागलेली असायची. चांगलं चरवीभर दूध डेरीला न जाता या फुकट्यांच्या घशात जातं म्हणून आम्ही दोघी धुसफुसायचो. मी एकदा तोंडावर बोलले, "आत्ती, डेरीच्या गावात ताक वाटायचं म्हंजे कमालच झाली." त्यावर त्या म्हणाल्या, "ताकच जातंय नव्हं? लोनी हाय की घरात." आणि रवी फिरवत राहिल्या. त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती.

तर वाटणी सुरू झाली.

वाटे पाडले आमच्या घरातल्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी. हणमंत त्यांचं नाव. नाव घ्यायला लाजायचं आता वय राहिलं नाही म्हणून घेतलं. धाकट्या विलासनं आधी उचललं. भांडी झाली, जनावरं झाली, रान झालं. मामंजी खरोखरीच परक्यासारखे वागत होते. तांब्याचा मोठा हंडा त्यांच्या आईच्या हातचा, पण त्याच्याकडे त्यांनी ओझरतंसुद्धा बघितलं नाही. मग घर निघालं. मधल्या दाराशी भिंत घालायची, पुढचं घर ओट्यासकट एक वाटा, मागचं घर परस-पडवीसकट दुसरा. विलासनं मागचं घर उचललं. म्हणाला, "पडवी पाडून म्हशींचा गोठा करतो. बोळाचं दारबी बुजवायचंय, जनावरं चोरीला जायला नगोत." शालननं दाराआडून मान डोलावली. मला ओटा मिळाला म्हणून मी खूश होते.

मग विलास चाचरत म्हणाला, "आप्पा, येक बोलू? तुमी आन आई येकाच घरात ऱ्हावा. माझ्याकडं ऱ्हावा न्हायतर दादाकडं. आमची ना न्हाय."

"माझंबी त्येच म्हननं," आमचे हे म्हणाले.

माजघराच्या दाराआड मी आणि शालन उभ्या होतो. दोघं एकदम आपल्या गळ्यात पडू नयेत असं आम्हा दोघींनाही वाटत होतं, पण आम्ही तोंड उघडलं नाही.

मामंजींनी विलासकडे रोखून बघितलं. "पंचाला आप्पा म्हनू नगंस. ह्या गावात जितक्या वाटन्या झाल्या, त्यात मी हीच रीत चालवली. आज माझ्या घरी मोडली तर उद्या गाव माझ्या तोंडात श्यान घालंल. म्हनतील, लोकांच्या आया वाटल्या आन सवताची बायकू जवळ ठिवली."

"आप्पा, पोरं मनानं म्हनत्यात तर…" कोंडीबा हळूच म्हणाले.

"कोंडीबा, तुझ्या घरी तुझी पोरंबी हेच म्हनत हुती. तवा तूच म्हनालास, आप्पा म्हनतील तसं."

कोंडीबांनी मान खाली घातली आणि तंबाखूची चंची उगाच उघडून मिटली. कोंडीबा म्हणजे मामंजींचा लहानपणापासूनचा सोबती. वाटणीत ते देवळाजवळ थोरल्याच्या घरी राहिले आणि त्यांची बायजाबाई धाकट्याच्या मळ्यात गेली. तरीही दर बाजारच्या दिवशी ते न चुकता आमच्या ओट्यावर यायचे, डेरीचं नाही तर बंधाऱ्याचं काहीतरी मामंजींना विचारायचे आणि ते सांगतील तशी मान हलवायचे. असे आणखीही पाच-सहा म्हातारे यायचे. बाजारच्या दिवशी ओटा भरायचा.

"तर मग," मामंजींनी आवाज चढवला, "म्हातारा थोरल्याला, म्हातारी धाकट्याला. वर्साचं धान दोगांनी निम्मं निम्मं घालायचं."

मघाशी बैलांबद्दल बोलले त्याच आवाजात ते हे बोलले. रस्त्यावर कुणीतरी "शाबास" म्हणालं. मामंजींचा तराजू हलला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं आणि मला, खरं सांगते, त्या समाधानाचा राग आला. भिंतीच्या पुढं मामंजी, मागं आत्ती. सकाळपासून त्या बाईला कुणी एक शब्द विचारला नव्हता.

तेवढ्यात आत्ती बाहेर आल्या.

त्यांच्या हातात ताकाचं भांडं होतं. त्यांनी तिन्ही पंचांपुढे वाट्या ठेवल्या, ताक ओतलं, मामंजींच्या वाटीत मीठ थोडं जास्त टाकलं आणि आत जायच्या ऐवजी पदर सावरून खांबाशी उभ्या राहिल्या. पंचायतीपुढे घरातली बाई उभी राहिलेली गावानं पाहिली नव्हती.

"माझं येक मागनं हाय," आत्ती म्हणाल्या.

मामंजी गोंधळले. पण पंचाचा रुबाब सोडायचा नव्हता. "बोला," म्हणाले.

"मागची पडवी आन बोळाचं दार. ते कुनाच्या वाट्याला घालू नगा. सामाईक ऱ्हाऊ द्या."

"सामाईक म्हंजी उद्याचं भांडान," मामंजींच्या आधी गर्दीतूनच कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

आत्ती हसल्या नाहीत. "मग माझ्या नावची करा."

"आई, तुला ताक घुसळाया आत जागा दीन की मी," विलास म्हणाला. "पडवीच कशाला पायजे?"

"आत न्हाय चालायचं."

"का पर?"

"ते मी सांगायची न्हाय."

मामंजींच्या कपाळाला आठी पडली. "कारान सांगितल्याबिगार पंच कुनालाच कायबी देत न्हाईत. ही रीत हाय."

आत्तींनी फक्त एकदा कोंडीबांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर एका चुलीवर स्वयंपाक केला होता मी. त्या बाईनं काही मागितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आता मागून मोकळ्या हातानं परत जाणार, हे मला दिसत होतं. मी शालनकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती.

कोंडीबांनी ताकाची वाटी खाली ठेवली. ती ठेवताना थोडं ताक सांडलं.

"आप्पा, ती पडवी मला पायजे."

"तुला?" मामंजी थक्क झाले. "तुजा काय संबंध? तू पंच हायेस."

"पंच हाय म्हनूनच बोलाया पायजे. वैनी बोलायच्या न्हाईत. त्येंनी कदी कुनाचं नाव घेतलं न्हाय." कोंडीबा उठून उभे राहिले. "तू वाटनी केलीस आन माजी बायजा मळ्यात गेली. म्हटलं, मळा काय लांब हाय? जाता यील कवाबी. पर वाटनीनंतर पोरांचं बोलनं तुटलं. मी मळ्यात गेलो की थोरला म्हनतो, तितं काय निऊन दिलंसा? ती घरी आली की धाकटा म्हनतो, तितं जेवलीस तर हितं जेऊ नगंस. दोन-चारदा ऐकलं आन जायाचं बंद केलं. येकाच गावात, आप्पा, तीन म्हैनं मी तिचं तोंड बगितलं न्हाय."

कोंडीबांनी चंची कमरेला खोचली.

"येक डाव बाजारला तुज्या वट्यावर आलो हुतो. पानी प्यायला मागं गेलो, तर बायजा ताकाला आली हुती. वैनींनी बगितलं. काय बोलल्या न्हाईत. दोन वाट्या भरून दिल्या आन आमच्याकडं पाठ करून ताक घुसळत बसल्या. आमचं बोलून हुईस्तवर घुसळत ऱ्हायल्या. तवापासनं दर बाजारला मी पुढनं येतो आन ती मागनं येती."

मामंजी बघतच राहिले. मग त्यांच्या तोंडून एकदम लहान पोरासारखं निघालं, "मग तू दर बाजारला मला बंधाऱ्याचं इचारायचास ते?"

"काय तरी इचाराया नगं व्हय?"

मला वाटतं, त्या एका वाक्यानं मामंजींना जेवढं लागलं तेवढं निवडणुकीतल्या शिव्यांनीही कधी लागलं नसेल. ते ओट्याकडे बघत होते. बाजारच्या दिवशी तो ओटा कुणाकुणानं भरायचा ते आठवत असतील. बजाबा गुरवांकडे त्यांनी वळून बघितलं, तर बजाबांनी तोंड फिरवलं.

"तूबी?"

"मी न्हवं," बजाबा म्हणाले. "माजी भन."

त्यांची बहीण धोंडूबाई रस्त्यावर गर्दीतच होती. तिला कुणी बोल म्हटलं नाही, पण ती पुढं आली. "माजा म्हातारा गेला त्येच्या आदल्या बाजारला हितंच मागं भेटला हुता," ती म्हणाली. "वैनींनी भाकरी केली हुती. दोगं येका ताटात जेवलो. थोरल्याच्या दारात मला तसं जेवाया मिळालं नसतं, आप्पा. मी धाकट्याच्या वाट्याची."

आप्पांना दोष द्यायचा म्हणून ती बोलत नव्हती. सांगून झाल्यावर तिनं नमस्कारसुद्धा केला. मला मात्र त्या फुकट्यांच्या लोट्या आठवत होत्या. माजघरात शालन पदरानं डोळे पुसत होती. दोघी जावा कितीतरी दिवसांनी एकमेकींच्या एवढ्या जवळ उभ्या होतो.

मामंजी आत्तींकडे वळले. पंच वगैरे सगळं गळून पडलं होतं. "मला कदी सांगितलं न्हाईस?"

"तुमी कदी मागं आलासा?" आत्ती म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पानी पुढं दिलं, च्या पुढं दिला, जेवानबी पुढंच आनून वाढलं. मागच्या दाराला तुमचं कदी काय काम पडलं न्हाय."

मग मामंजींनी ताकाची वाटी उचलली, एका घोटात रिकामी केली आणि मिशा पुसल्या.

"विलास जगन्नाथ…" एवढं बोलून ते थांबले. जगन्नाथ हे दुसऱ्याच कुणाच्या तरी बापाचं नाव होतं. जुन्या कुठल्या वाटणीतलं त्यांच्या तोंडी आलं असावं. स्वतःच्या पोराला स्वतःचं नाव लावायला त्यांना क्षणभर वेळ लागला. "विलास दाजीबा निकम, मागची पडवी आन बोळाचं दार सोडतोस?"

"सोडतो."

"हनमंत दाजीबा निकम, तुजी हरकत?"

"न्हाय."

"तर मागची पडवी आन दार सुंद्राबाई दाजीबा निकम ह्येंच्या नावची. त्या हाईत तवर त्येंची, आन त्येंच्या मागं ज्याला लागंल त्येची. कुनी बुजवायची न्हाय."

सुंद्राबाई हे आत्तींचं नाव. लग्नातल्या उखाण्यानंतर ते मामंजींच्या तोंडून गावानं पहिल्यांदा ऐकलं असेल. विलासला उमाळा आला. "आन आप्पा, आता तुमीबी मागंच चला. आईसंगं."

सगळ्यांना वाटलं, आता सुटलं. कोंडीबांच्या तोंडावर हसू आलं. मामंजींनीही आत्तींकडे बघितलं. त्या हो म्हणतील, याची त्यांना खात्री होती, असं मला दिसलं.

आत्ती रिकाम्या वाट्या गोळा करत होत्या. एकात एक घालून त्या उभ्या राहिल्या. "नगं," म्हणाल्या. "पंचानं बोललेलं मागं घिऊ नये. गावानं ऐकलंय. तुमी थोरल्याकडंच ऱ्हावा."

आणि त्या आत गेल्या.

इतकी वर्षं झाली या गोष्टीला. पुढच्या वाटणीपासून मामंजींनी रीत बदलली. कुणाच्याही घरी गेले की वाटे पाडायच्या आधी विचारायचे, "म्हातारा-म्हातारीची खोली कंची?" ती आधी बाजूला काढायची, मग बाकीचं. आजूबाजूच्या गावांनीही ही रीत उचलली. मामंजी गेले तेव्हा शोकसभेला आमदार आले होते. ते म्हणाले की, आप्पांची दूरदृष्टी एवढी की वडीलधाऱ्यांचा वाटा पहिला, हा नियम त्यांनी त्या काळात घालून दिला. मी चिडून आत्तींना म्हटलं, "बगा की, तुमचं नावसुदा न्हाय." तर त्या म्हणाल्या, "भाशान पुढच्या दाराला असतंय. चालायचंच." आणि मागं गेल्या, कारण मागं बायका येऊन बसल्या होत्या.

पण मला आठवते ती त्या वाटणीच्या दिवसाचीच संध्याकाळ.

गर्दी केव्हाच पांगली होती. मधलं दार आमच्या ह्यांनी लोटून घेतलं होतं. गवंडी दुसऱ्या दिवशी यायचा होता. मामंजी ओट्यावर एकटेच बसले होते. कुणीही त्यांच्याकडे आलं नव्हतं. मी दिवा लावायला गेले तर म्हणाले, "वच्छे, येकादी लोटी हाय का गं?"

मला पुन्हा वच्छी केलं त्याचं बरं वाटलं. मी लोटी दिली. त्यांनी वहाणा घातल्या आणि पायऱ्या उतरून घराला वळसा घालून बोळाकडे निघाले.

माझी दोन लुगडी मागच्या परसात वाळत होती. ती आणायचं निमित्त होतंच. मी मधलं दार जरासं उघडलं.

आत्ती पडवीत घुसळखांबाशी बसल्या होत्या, बोळाच्या दाराकडे पाठ करून. दाराशी कुणाचीतरी चाहूल लागली आणि पाठोपाठ 'ठक्' असा आवाज आला. मामंजींचं डोकं वरच्या चौकटीवर आपटलं होतं. गावातली प्रत्येक म्हातारी त्या दारातून सवयीनं वाकून यायची. ते दार एवढं ठेंगणं आहे, हे घरमालकाला ठाऊकच नव्हतं.

"वाकून या," आत्ती मागं न बघता म्हणाल्या.

मामंजी वाकून आत आले. पटका वाकडा झाला होता. एक हात पाठीमागं होता. सगळ्या गावाचा निवाडा करणारा माणूस, त्याला परसात कुठं उभं राहायचं ते कळत नव्हतं.

"वाईच ताक मिळंल का?" ते म्हणाले.

"भांडं म्होरं करा की."

मामंजींनी पाठीमागचा हात पुढं आणला. आत्तींनी लोटी भरली, त्यांच्यासाठी पोतं अंथरलं आणि ते बसल्यावर रवी खांबाला टेकवून ठेवली. मग त्या वळल्या आणि त्यांच्याकडे तोंड करून बसल्या.